साडेबाराच्या आत डोंगर आणि समुद्र

रागाच्या भरात मी जे बोलते ते निस्तरायला मला पुढचा महिना लागतो. गेल्या एप्रिलमध्ये मी आईला म्हटलं, "आधी इथला एखादा डोंगर चढून दाखव, मग जा पुण्याला." हे मी नेदरलँड्समध्ये, फेल्डहोवनच्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून म्हटलं. आमच्या भागातली सगळ्यात मोठी चढण म्हणजे हायवेवरून पलीकडे जायचा सायकलींचा पूल. त्यावर सुद्धा लोक हसत हसत, मागे पोरं बसवून चढतात. त्यामुळे मी काय म्हणत होते ते स्पष्ट होतं. मी 'नाही' म्हणत होते, फक्त जरा नाटकीपणाने.

आईचं घर कर्वेनगरला आहे. जुनी सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट नाही, चोपन्न पायऱ्या. बाबा गेल्यापासून ती तिथे एकटी राहायची आणि मजेत राहायची. त्या एप्रिलच्या आधीच्या पावसाळ्यानंतर त्याच जिन्यावरून उतरताना ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हॉस्पिटलमधून ती थेट बंगलोरला माझ्या मोठ्या भावाकडे गेली आणि तिथून तीन महिन्यांच्या व्हिसावर माझ्याकडे आली. वॉकर सुटला होता, आता काठी होती. पण पडल्यापासून तिने स्वतःचं घर पाहिलं नव्हतं. दादाचं आणि माझं ठरून गेलं होतं की पुण्याचा फ्लॅट बंद करायचा आणि आईने कायमचं बंगलोरला राहायचं. तिला विचारलं नव्हतं. तिला सांगायचं कोणी, एवढंच ठरायचं बाकी होतं, आणि दोघंही 'तू सांग' म्हणत होतो.

त्या दिवशी दादा व्हिडिओ कॉलवर होता आणि त्याने एकदाचं सांगितलं. आई वरणभात कालवत होती. तिने मान वर न करता विचारलं, "माझ्या घरात काय वाईट आहे?"

"चोपन्न पायऱ्या आहेत," दादा म्हणाला.

"त्या तू जन्मलास तेव्हापासून आहेत."

मग जे व्हायचं ते झालं. दादा समजुतीच्या सुरात बोलायला लागला, आणि त्या सुराने मला लहानपणापासून तिडीक येते. आई म्हणाली, "माझ्या घरात मला कुणी उठसूट 'हळू' म्हणत नाही. तुमच्याकडे मी पाणी प्यायला उठले तरी चारजण 'हळू' म्हणतात." ते 'चारजण' मला लागलं, कारण आमच्या घरात मी एकटीच म्हणते. आणि मी ते डोंगराचं बोलून बसले.

आईने ताटात हात धुतला. मला ते अजिबात आवडत नाही हे तिला माहीत आहे.

"शब्द?" ती म्हणाली.

"शब्द," मी म्हटलं.

"दादा, ऐकलंस ना? मी डोंगर चढले की मी माझ्या घरी."

दादा हसला. "चढ बाई, चढ. तिथे डोंगर सापडला तर मला पण दाखव." माझी नऊ वर्षांची मुलगी साक्षीदार होती. ती मराठी सगळं समजते, पण उत्तर डचमध्ये देते. ती म्हणाली, "याऽ, आजी," म्हणजे हो.

आई हट्टाला पेटली की घरातल्या सगळ्यांना कामाला लावते. एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती ती. नंबर लागत नाही म्हणून सोडून दिलं, असं तिच्या हातून कधी झालेलं नाही. रोज संध्याकाळी माझा नवरा ऑफिसमधून आला, सायकल लावली, की ती दारातच विचारायची, "मिळाला का हो डोंगर?" माझा नवरा चिप बनवायच्या मशीनवर काम करतो. केसाच्या हजाराव्या भागाइतकं काही इकडचं तिकडे झालं तर त्याची झोप उडते. त्याने आईचा डोंगरसुद्धा त्याच इमानाने शोधायला घेतला. दक्षिणेला देशाचं सर्वात उंच टोक आहे म्हणे, पण तिथे वरपर्यंत गाडी जाते आणि वर पॅनकेक मिळतात. आईने तो नाकारला. "उद्या हीच म्हणेल, गाडीने गेलीस." बरोबर होतं. मी तेच म्हटलं असतं. समुद्राकाठी वाळूच्या टेकड्या आहेत, त्या आमच्या हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरने, नाकारल्या. वाळूत पाय मुरगळेल म्हणाला. हाच डॉक्टर आईला पहिल्या भेटीत तपासून झाल्यावर म्हणाला होता, की यांनी रोज थोडी सायकल चालवावी.

मला वाटलं, संपलं. तिचं परतीचं तिकीट पुण्याचं होतं, ते बंगलोरचं करून घ्यायचं मी कॅलेंडरवर लिहूनसुद्धा ठेवलं.

आणि एका शुक्रवारी नवरा घरी आला तो हातात एक रंगीत पत्रक घेऊन. ऑफिसच्या कँटीनमध्ये ठेवलेलं होतं. त्यावर नारळाची झाडं, पोपट, आणि मोठ्या अक्षरांत: 'अर्ध्या दिवसाची डोंगर आणि समुद्र सहल. सकाळी साडेनऊ ते साडेबारा. मार्गदर्शकासह.' आमच्यापासून तासाभरावर, बटाट्याच्या शेतांच्या मधोमध, कॅरिबियन नावाने चालणारं एक रिसॉर्ट आहे. एक भलामोठा काचेचा घुमट, आत अठ्ठावीस अंश तापमान, आत समुद्र, आत डोंगर. डोंगराची उंची तेरा मीटर. पायऱ्या एकाहत्तर.

"हा डोंगर नाहीये," मी म्हटलं.

"इथे लिहिलंय डोंगर," नवरा म्हणाला. हा माणूस माझ्या बाजूने कधी बोलणार आहे कुणास ठाऊक.

आईने चष्मा लावून पत्रक पूर्ण वाचलं, मागची बाजूसुद्धा. "तू म्हणालीस 'इथला एखादा डोंगर'. हा इथला आहे. एखादा पण आहे." आणि मग मुलीकडे वळून, "एकाहत्तर म्हणजे चोपन्नापेक्षा जास्त की कमी गं?" मुलीने डचमध्ये उत्तर दिलं. आईला ते कळलं नाही, पण उत्तर काय आहे ते सगळ्यांनाच माहीत होतं.

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "जाऊ दे तिला. वीसेक चढेल आणि स्वतःच म्हणेल नको." आणि खरं सांगते, मीही तेच धरून चालले होते. आईने अर्ध्या वाटेत, आपल्या तोंडाने 'नको' म्हणावं, म्हणजे मला काही म्हणावं लागणार नाही. इतकी सोपी सुटका समोर दिसत होती, आणि मी ती घ्यायला तयार होते.

रविवारी सकाळी निघालो. बाहेर सहा अंश आणि तिरका पाऊस. आईने सुती साडी, त्यावर माझं जॅकेट, पायात बूट आणि खांद्याला तिची काळी पर्स, अशी तयारी केली. पर्स जड दिसत होती. मी विचारलं तर म्हणाली, "दशम्या." इथे बाहेरचं खाणं आत नेता येत नाही हे मी तिला तीनदा सांगितलं होतं. चौथ्यांदा सांगितलं. ती खिडकीबाहेरचे बटाटे बघत बसली.

घुमटाच्या दारात आमचा मार्गदर्शक भेटला. साठीचा, साडेसहा फुटी, फुलाफुलांचा शर्ट, आणि त्याच्या आत लोकरीचा गळाबंद स्वेटर. आत अठ्ठावीस अंश असताना स्वेटर कशाला, असं माझ्या मुलीने विचारलं, तर तो म्हणाला की पार्किंगमध्ये माणसांना घ्यायला यावं लागतं आणि सारखं काढघाल करायला वेळ नसतो. सहलीला आम्ही चार आणि एक जर्मन जोडपं, एवढेच. त्याने सगळ्यांना एकेक हेल्मेट दिलं. आईच्या अंबाड्यावर ते बसेना. मग अंबाडा सोडून वेणी घालावी लागली. ती मी तिथेच, प्लॅस्टिकच्या जास्वंदीपाशी उभी राहून घातली. कितीतरी वर्षांनी आईचे केस हातात घेतले होते. फार विरळ झाले आहेत.

"पहिले समुद्र," मार्गदर्शक म्हणाला.

समुद्र म्हणजे मोठा तलाव. एका बाजूला आणून टाकलेली खरी वाळू, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि त्या भिंतीमागे लाटांचं मशीन. दर अर्ध्या तासाने घंटा वाजते आणि आठ मिनिटं लाटा येतात. घंटा वाजली की आजूबाजूचे सगळे डच लोक, बाळांपासून आजोबांपर्यंत, शिस्तीत चालत पाण्यात जातात आणि कमरेइतक्या पाण्यात उभे राहून वाट बघतात. वाळूवर बाहेरचे बूट चालत नाहीत, म्हणून आम्हाला बुटांवर चढवायला निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या दिल्या. आयसीयूत जाताना देतात तशाच. अशा निळ्या पायांनी, डोक्यावर हेल्मेट घालून, आई किनाऱ्यावर उभी राहिली. मार्गदर्शक आम्हाला भरती-ओहोटीबद्दल सांगत होता. ओहोटी सोमवारी असते. त्या दिवशी पाणी काढून तळ घासतात.

आईचं माहेर गुहागरचं. समुद्र समोर आला की ती गप्प होते. या समुद्रासमोरसुद्धा ती गप्प झाली होती, ते बघून मला हसू आलं आणि मी मोबाइल काढला. मी फोटोची जुळवाजुळव करत असताना घंटा वाजली, लाटा सुरू झाल्या, आणि आईने पर्स उघडली.

त्यात दशम्या नव्हत्या. शेंडीवाला नारळ होता, हळदकुंकू लावलेला. आइंडहोवनच्या भारतीय दुकानातून तिने जावयाकडून मागवून घेतला होता, आणि जावयाने मला अवाक्षरही सांगितलं नव्हतं. आईने डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली, आणि खालून हात फिरवून नारळ समुद्रात टाकला. चांगला लांब गेला. तिच्या हातात अजून एवढी ताकद आहे हे मला माहीत नव्हतं.

आता लांबून, लाटांमध्ये, वरखाली होणारी एक तपकिरी, गोल, केस असलेली वस्तू जीवरक्षकाला काय दिसणार? त्याला लहान मुलाचं डोकं दिसलं. त्याने शिट्टी मारली, पाण्यात सूर मारला आणि कुठलंसं बटण दाबलं गेलं. समुद्र बंद झाला. एकदम बंद. लाटा जागच्या जागी बसल्या. पन्नास-साठ माणसं सपाट पाण्यात कमरेपर्यंत उभी, आणि मधोमध जीवरक्षक एका हाताने नारळ धरून उभा होता. त्याने तो उलटा करून पाहिला. मग त्याने वर, नारळाच्या झाडांकडे पाहिलं.

ती झाडं प्लॅस्टिकची आहेत. पण मग नारळ आला कुठून, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. खरोखर एक माणूस शिडी घेऊन आला आणि त्याने पहिल्या झाडावर चढून तिथले नारळ हलवून बघितले. दुसऱ्या झाडाकडे निघाला तेव्हा माझ्या नवऱ्याने हात वर केला आणि म्हणाला की नारळ आमचा आहे.

मार्गदर्शकाने फॉर्म आणला. या देशात फॉर्म नसलेला प्रसंग घडू शकत नाही. तो वाळूत गुडघे टेकून लिहायला बसला.

"तुमच्या सासूबाईंनी समुद्रावर नारळ फेकला. का?" चिडून नाही, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"समुद्रावर नाही, समुद्राला," नवरा म्हणाला. "आभार म्हणून."

"कशाबद्दल?"

"अजून व्हायचंय ते. आधीच मानून ठेवतात."

त्याने थोडा विचार केला आणि लिहिलं. मग नारळ एका पारदर्शक पिशवीत घालून वर तारीखवेळेची चिठ्ठी लावली. मी लाजेने अर्धमेली झाले होते. मुलगी तर आमच्यापासून वीस फूट लांब जाऊन उभी होती, आम्ही कोण ते तिला माहीतच नसल्यासारखी. जर्मन जोडप्याने मात्र आईशी हात मिळवला.

मग मार्गदर्शक माझ्याकडे आला. हळू आवाजात इंग्रजीत म्हणाला की झाल्या प्रकाराने वेळ गेला आहे, आईंना त्रासही झाला असेल. नियमाप्रमाणे अशा वेळी पाहुण्यांना डोंगर रद्द करून कॉफी आणि केक घेता येतो. घेणार का?

सांगते, मी तोंड उघडलं होतं 'हो' म्हणायला. माझ्या जिभेवर होतं. नियम त्यांचा, वेळ त्यांची, माझ्यावर काही येत नव्हतं. आईला काय, 'डोंगर बंद झाला' म्हणून सांगितलं असतं. पण आईला इंग्रजी येतं. ती एकतीस वर्षं ट्रंक कॉल जोडायची, दोन्ही बाजूंचं ऐकू येत असताना न ऐकल्यासारखं करणं हे तिचं कामच होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मार्गदर्शकाला म्हटलं, "नको. डोंगर दाखवा."

डोंगर फायबरचा, आतून पोकळ, वरून शेवाळ रंगवलेला. एका बाजूने धबधबा, तोही तासाच्या तासाला. मार्गदर्शकाने पायथ्याशी उभं राहून गंभीरपणे पाच मिनिटं माहिती दिली. वर हवामान बदलू शकतं, म्हणजे शिखरावर घुमटाची झडप उघडते तेव्हा गार वाटतं. सत्तरीवरच्या लोकांसाठी डोंगराच्या पोटात लिफ्ट आहे. आईने लिफ्टच्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने एक कागद भरून सही केली की ती स्वतःच्या मर्जीने चढते आहे, आणि काठी डाव्या हातात घेतली, कठडा उजव्या.

नवरा आणि मुलगी पुढे गेले, शिखरावरून खाली यायला पाण्याची घसरगुंडी होती तिच्यासाठी. जर्मन जोडपं त्यांच्या मागे. आई, तिच्यामागे मी आणि माझ्यामागे मार्गदर्शक असे आम्ही निघालो. आई चांगला पाय आधी वर टाकायची, मग दुखरा त्याच्या शेजारी आणायची. बंगलोरच्या फिजिओने शिकवलं होतं तसं. एक. दोन. तीन. प्रत्येक पायरीला मोठ्याने आकडा. मार्गदर्शकालाही नाद लागला, तो डचमध्ये मोजायला लागला. भाषा वेगवेगळ्या आणि तोही कुठेतरी चुकला होता, त्यामुळे दोघांचे आकडे जुळत नव्हते. आईच्या पंचविसाला त्याचे सत्तावीस झाले होते.

एकतिसाव्या पायरीवर ती थांबली. पाय थरथरत होता, साडीच्या निऱ्या हलत होत्या त्यावरून कळत होतं. ती हळूच पायरीवर बसली. हेल्मेट कपाळावर आलं होतं, घामाने वेणी मानेला चिकटली होती. आणि मला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही. वाटलं, झालं, आता ती म्हणेल 'नको', आणि पुढची दहा वर्षं रात्री फोन वाजला की माझ्या छातीत धस्स व्हायचं नाही. मी तिच्या शेजारी बसले आणि प्रेमाने म्हटलं, "पुरे का गं आई?"

तिने पाणी मागितलं. प्यायली. मग म्हणाली, "माझ्या घरी चोपन्नातल्या छत्तिसाव्यावर दुसऱ्या मजल्याच्या काकूंचं दार आहे. तिथे मी नेहमीच बसते. त्या चहा विचारतात. तू चहा विचारला नाहीस, तरी मी बसले." आणि कठडा धरून उठली.

मला रडू फुटलं. कशाचं ते तेव्हा कळलं नाही, रागाचंच असावं. उरलेल्या चाळीस पायऱ्या मी तिच्या मागून नाक पुसत चढले आणि मार्गदर्शक मला रुमाल देऊ का विचारत राहिला.

एकाहत्तर. मार्गदर्शकाचे चौऱ्याहत्तर. शिखरावर एक झेंडा आणि एक कचऱ्याचा डबा. काचेतून बाहेर पार्किंग, पाऊस, बटाटे, आणि सपाट, सपाट, सपाट देश. खाली समुद्र पुन्हा चालू केलेला दिसत होता. मार्गदर्शकाने आईच्या गळ्यात शंखांची माळ घातली आणि तिला सांगितलं की त्याच्या सगळ्या वर्षांत अशी चढाई त्याने पाहिलेली नाही. तो थापा मारत नव्हता. या लोकांना थापा मारता येत नाहीत. मी आईला मिठी मारली. त्या क्षणी मला मनापासून वाटलं, जा बाई तुझ्या घरी, मी हरले.

नवरा आणि मुलगी आरडाओरडा करत घसरगुंडीतून गेले. जर्मन जोडपंही गेलं. मार्गदर्शक खाली टॉवेल द्यायला पायऱ्यांनी पुढे झाला. आई जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. तिने काठी पहिल्या पायरीवर टेकवली. मग परत घेतली. पुन्हा टेकवली, पुन्हा परत घेतली. तिसऱ्यांदा तिने कठड्यावरचा हात इतका घट्ट केला की बोटं पांढरी पडली. पाय मात्र उचललाच नाही.

"दमलीस," मी म्हटलं. "बस जरा."

"दमले नाही," ती म्हणाली. "लिफ्ट कुठे आहे?"

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. तेरा मीटर उतरायला ती फार वेळ घेत होती, आणि आत पोपटांचे आवाज लावले होते. आई दाराकडे तोंड करून उभी होती. पोपटांच्या वर आवाज काढावा लागत होता म्हणून ती जरा मोठ्यानेच म्हणाली, "मला उतरता येत नाही. पडल्यापासून एकदाही आलं नाही. खाली बघितलं की पायच उचलत नाही."

"फिजिओला सांगितलंस?"

"त्याला सांगितलं तर दादाला कळेल."

"मग तू घरी जाऊन करणार काय आहेस?"

"घरी राहणार आहे," आई म्हणाली. "वर पोचले की झालं. मला खाली काय काम आहे? माझी खोली, माझी गॅलरी, माझा चहा. मी वर जायला परत जातेय, खाली यायला नाही."

मी तिच्यावर ओरडायला हवं होतं. एरवी भाजीत मीठ कमी असलं तरी ओरडते. लिफ्टचं दार उघडलं आणि समोर मुलगी ओलीचिंब उभी, हातात नवऱ्याचा मोबाइल, त्यावर दादा. तिने मामाला आधीच फोन लावला होता.

"काय गं," दादा म्हणाला, "चढली?"

"चढली. एकाहत्तर."

त्याचा चेहरा मला दिसत होता आणि मला माहीत होतं त्याच्या मनात काय चाललंय, कारण एकतिसाव्या पायरीपर्यंत माझ्याही मनात तेच होतं. मग तो इंजिनियरसारखा म्हणाला, "आणि उतरली पण?"

आई हेल्मेटचा पट्टा सोडवत होती. तिचे हात थांबले. ती माझ्याकडे बघत नव्हती, मार्गदर्शकाच्या हातातल्या त्या पिशवीतल्या नारळाकडे बघत होती.

"हो," मी म्हटलं.

साडेबाराला दोन मिनिटं असताना आम्हाला बाहेर सोडलं. मार्गदर्शकाने निरोप घेताना नारळ परत दिला आणि त्याची पोच म्हणून आईची सही घेतली. गाडीत ती पुढच्या सीटवर नारळ मांडीवर घेऊन झोपून गेली, शंखांची माळ गळ्यात तशीच.

मेअखेर आई पुण्याला गेली. विमानतळावरून तिच्या भाच्याने तिला घरी नेलं, तिसऱ्या मजल्यापर्यंत सोबत गेला. त्याने सांगितलं, मावशी वाटेत एकदाच बसली, दुसऱ्या मजल्यावर, चहा घेतला आणि वर गेली. तेव्हापासून मी रोज फोन करते. कामावर जाताना, सायकल चालवत, कानात बटणं घालून. "आज खाली जाऊन आलीस का?" मी विचारते. "आले ना," ती म्हणते. कधी बागेत जाऊन आलेली असते, कधी देवळात. देवळात काय फुलं होती तेही सांगते. मला भीती वाटते. रोज वाटते, आणि ती कुणाला सांगता येत नाही, कारण सांगायला गेलं तर त्या पोपटांच्या लिफ्टपासून सांगावं लागेल.

गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्याच्या काकूंनी सोसायटीच्या रंगकामाचे फोटो आम्हा दोघांनाही पाठवले. इमारत छान क्रीम रंगाची झाली आहे. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक दोरी खाली सोडलेली दिसते, दोरीच्या टोकाला टोपली, आणि टोपलीत मेथीची जुडी, दुधाची पिशवी आणि औषधाच्या दुकानाची पिशवी. आईचा हात तेवढा कठड्यावर दिसतो.

दादाने तो फोटो मोठा करून मला परत पाठवला. "ही टोपली कसली गं?"

मी लिहिलं, "पेपरवाल्यासाठी."